चिमणीत कुंभारीण

गाडी घेतली तेव्हा शेगडीवर चिमणी होतीच.
बटण दाबलं की घुं घुं करायची,
पिवळा दिवा लागायचा,
आम्हाला वाटायचं, चाललंय काहीतरी.
पण फोडणीत मोहरी तडतडली रे तडतडली
की छताचा अलार्म बोंब मारायचा,
आणि शालन टॉवेल घेऊन त्याच्याखाली,
एका हातानं वारा घालतेय, दुसऱ्यानं कढई उतरवतेय,
तिसरा असता तर माझ्या पाठीत बसला असता.

चोवीस फुटांचं घर, सहा चाकांवर.
उशीला हिंग, सदऱ्याला लसूण,
ड्रायव्हरच्या खुर्चीला परवाचं पिठलं.
टेक्सस ओलांडेपर्यंत आम्ही उकडलेलंच खाल्लं.

सप्टेंबरात हॅचला पोचलो.
न्यू मेक्सिकोतलं एवढंसं गाव,
आणि अख्ख्या गावाला ठसका!
दुकानापुढे जाळीची पिंपं फिरताहेत,
खाली गॅसची ज्वाळा, आत हिरव्या मिरच्या,
करपलेली सालं उडताहेत, डोळ्यांना धार,
आणि कुणी खिडकी लावत नाही.
शालन रस्त्यात थांबली. थांबलीच.

डेटनला एकतीस वर्षं
तिनं कढई ठेवण्याआधी कोट कपाटात कोंडले.
खालच्या मजल्यावरची बाई वर आली होती एकदा,
नाकाला हात न लावता, पण लावल्यासारखी.
तेव्हापासून मिरची भाजायची ती बाल्कनीत,
बर्फात, कानटोपी घालून.

शेजारच्या जागेवर एलॉय आर्चुलेटा,
सत्तरीचा, पिंप फिरवून फिरवून उजवा खांदा गेलेला.
त्यानं चिमणीखाली कागदाचा कपटा धरला.
कपटा हलेना.
मग शिडी. मग बाहेरचं झाकण, गंजलेले स्क्रू,
आणि आत कुंभारणीचं घर!
मातीच्या नळ्या, एकीला एक चिकटून,
आधीच्या मालकाच्या काळापासूनच्या असाव्यात.
म्हणजे इतके दिवस
आमचाच धूर चिमणी आम्हाला परत वाढत होती.
एलॉयनं खरवडून काढलं सगळं.
एक नळी शालननं वर्तमानपत्रावर झेलली.
ती अजून आरशापाशी आहे, का ते मी विचारलेलं नाही.

तेवढ्यानं भागेना. छताला भोक पाडायचं ठरलं,
चौदा इंच बाय चौदा.
आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुलांची गणितं केली मी,
पण स्वतःच्या छपरावर करवत टेकवली
तेव्हा हात असा कापायला लागला
की एलॉयनं काही न बोलता ती काढून घेतली.
पंखा बसला. कडांना लांबी भरली.
गरगर फिरला.
मिरचीचा धूर मात्र ओट्यापाशीच घुटमळत,
जेवण झाल्यावर निघायचं विसरलेल्या पाहुण्यासारखा.

एलॉय मागे गेला,
पलंगाजवळची खिडकी बोटभर सरकवली.
कपटा तिथं धरला.
कपटा आत ओढला गेला
आणि धूर उठला तो सरळ वर, छपराबाहेर.
एवढंच होतं!
बाहेरचं आत घेतल्याशिवाय आतलं जाणार कसं,
मी हे शिकलो होतो, परीक्षाही दिली होती.
शालन म्हणाली, "सांगत होते मी, खिडकी उघडा म्हणून.
तुम्हीच म्हणायचात, लोक काय म्हणतील."

संध्याकाळी ठेचा. लोखंडी तवा, हॅचच्या मिरच्या,
लसूण, खडे मीठ.
वरवंटा डेटनलाच राहिला,
म्हणून तांब्याच्या बुडानं रगडलेला.
आमचा धूर गावच्या धुरात गेला,
कुठला कुणाचा कळेना.
पलीकडे एलॉय दोनदा शिंकला
आणि ताटली घेऊन आला.

अलार्म गप्प.
तरी शालन त्याच्याखाली उभी,
खांद्यावर टॉवेल, मान वर,
ताटं वाढून झाली तरी.